एकवीस दिवसांची वही

पबचं नाव 'द शटल'. बॅडमिंटनचं नव्हे,
मागाचा धोटा.
मी इचलकरंजीची, मला हे कुणी सांगावं लागलं नाही.
गावाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात कीथली,
ते मात्र शिकावं लागलं.

जुलैत दार उघडलं तेव्हा
मालकीण मॉरीननं माझ्यापुढं ठेवली
दोनशे पानी वही, दोऱ्यानं बांधलेलं पेन,
आणि सॅनिटायझरची बाटली, जिची चोच
नेहमी तिरकीच पिचकारी मारायची.
नाव. फोन. आल्याची वेळ.
एकवीस दिवस जपायचं, मग फाडायचं.
तेराव्याच्याही पुढं आठ दिवस,
मी मनात हिशेब केला.

नऊ वर्षं मीच सांगत आले स्पेलिंग:
बँकेत, दवाखान्यात, गॅसवाल्याला,
एम फॉर मदर करत करत
मृण्मयी अर्धी हवेत विरायची.
आता दारात उभी राहून मी विचारते,
'स्पेलिंग सांगता का?'
आणि खिडकीखालच्या स्टुलावरचे आजोबा,
ज्यांना चार वर्षं मी
'हाफ माइल्ड' एवढंच ओळखत होते,
मास्क हनुवटीवर ओढून
एकेक अक्षर सुटं करून देतात,
चिल्लर मोजावी तसं:
ॲक्रॉइड. क्लिफर्ड ॲक्रॉइड.
फोन? नाही. शेजारणीचा चालेल?

कुणी घाईत गिरबटतं.
कुणी पेन इतकं पुसतं की लिहायचंच विसरतं.
एक जोडपं येतं, नाव एकाचंच देतं,
दुसऱ्याकडं मी बघत नाही.
झ्बिग्नेव्ह म्हणाला, 'झेड लिही आणि सोड.'
आम्ही दोघं हसलो.

सप्टेंबरात एका मंगळवारी मॉरीनला फोन आला:
शुक्रवारी रात्री, सात ते नऊ, कुणीतरी.
कोण ते सांगत नाहीत.
वही घेऊन मी तळघराच्या पायरीवर बसले,
पिंपांच्या गारठ्यात. एकोणीस नंबर.
'घाबरू नका, पण'
हे मी अठरा वेळा म्हटलं,
दर वेळी 'पण'वर अडखळले.

एकोणिसावा: जॉन स्मिथ,
अक्षर हसत हसत काढल्यासारखं.
फोन उचलला एका म्हाताऱ्या बाईनं.
'नाही गं, इथं स्मिथबिमिथ कुणी नाही.'
ती ग्रिम्सबीत. मार्चपासून दाराबाहेर पडते
ते फक्त कचऱ्याचा डबा ठेवायला.
मी सॉरी म्हणाले, ठेवणारच होते.
'थांब,' म्हणाली, 'गर्दी असते का गं तुमच्याकडं?
मासा मिळतो, पिठात तळलेला?
कुत्र्यांना आत घेता?'
हो. शुक्रवारी. हो, एक आहे, पर्सी,
त्याचं नाव तेवढं आम्ही लिहून घेत नाही.
ती इतकी हसली की खोकली,
आणि त्या खोकल्यापाशी
दोघीही क्षणभर गप्प झालो.

चौदा मिनिटं.
शेवटी तिनं विचारलं, 'तुझं नाव?'
सांगितलं.
'स्पेलिंग सांग. पेन घेतलंय.'
मी सावकाश सांगितलं, ती मागून म्हणत गेली,
वायपाशी थांबून पुन्हा विचारलंन.
तिचं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

एकविसाव्या दिवशी पान निघालं.
मॉरीनच्या यंत्रानं त्याच्या शेवया केल्या:
ॲक्रॉइडची शेजारीण, झेड, खोटा स्मिथ.
पर्सी त्यात मनसोक्त लोळला.
नियमानं आता माझ्याजवळ कुणीच नाही.

ग्रिम्सबीत मात्र कुठंतरी,
बहुधा विजेच्या बिलामागं,
मी आहे, सगळ्या अक्षरांनिशी.
तिला कुणी एकवीस दिवस सांगितलेले नाहीत.